नवऱ्याचा नंबर

ग्वाल्हेर विमानतळाच्या दारात शिखाने पर्स तिसऱ्यांदा उलटी केली. रात्री स्वतःच्या हाताने ठेवलेलं आधार कार्ड त्यात नव्हतं, आणि ते कुणी काढलं हे सांगायला ज्योतिषी नको होता. "बंगलोरची नोकरी? बघतोच कशी जातेस," असं नवरा, राजवर्धन, जेवताना म्हणाला होता. सासूबाई, सुमनताई, मान खाली घालून पोळ्या वाढत राहिल्या होत्या. कार्ड काढून घेतलं होतं, म्हणूनच सकाळी त्याने तिला अडवलंही नव्हतं.

"मैडम, मोबाइल पे दिखा दीजिए, वो भी चलेगा," दारावरचा जवान म्हणाला.

तिने मोबाइलवर आधार उघडायला घेतलं, तर ओटीपी गेला राजवर्धनच्या नंबरवर. लग्नानंतर त्यानेच तो तिच्या आधारला जोडून घेतला होता. आता तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. चेक-इन बंद व्हायला वीस मिनिटं उरली होती.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. शिखाने उचलला तो ओरडतच, "आई, हद हो गई आता! तुमच्या लेकाला सांगा, कार्ड लपवलंस तरी मी जाणार. पायी जाईन! आणि तुम्ही? सगळं बघून गप्प बसलात!"

पलीकडून सुमनताईंचा दबका, पण तापलेला आवाज आला.



"भांडण नंतर कर. तो आंघोळीला गेलाय, आकडे लिहून घे. चार, शून्य, सात..."