सहनशक्तीचा उंबरठा

"पाण्याचा थेंबही न देता ही रोपं चाळीस दिवस हिरवीगार राहिली," पडद्यावरच्या आलेखाकडे बोट दाखवत संशोधक विद्यार्थिनी म्हणाली. "एकेचाळिसाव्या दिवशी मात्र सगळ्यांनी एकदम माना टाकल्या." पुरावा म्हणून वाळलेल्या रोपांच्या बारा कुंड्या टेबलावर ओळीने मांडल्या होत्या.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला. "सगळ्यांनी एकदमच कशा टाकल्या?"

तिने सरांकडे पाहिलं. मार्गदर्शक सर या प्रश्नाचीच वाट बघत होते.

"तोच तर आमचा शोध! प्रत्येक जातीला सहनशक्तीचा एक उंबरठा असतो. या जातीचा आम्ही अगदी दिवसानिशी पकडला."

या उंबरठ्यावर प्रबंधात बावीस पानं खर्ची पडली होती. परीक्षकांनी ती पुन्हा एकदा चाळली, मान डोलावली, सर्वोच्च श्रेणी दिली आणि हा प्रबंध परिषदेत वाचायलाच हवा असं बजावलं. सरांनी सगळ्यांसाठी चहा मागवला.

रिकामे कप उचलायला प्रयोगशाळेची झाडलोट करणाऱ्या मावशी आत आल्या. रजा संपवून त्या आजच कामावर आल्या होत्या. टेबलावरच्या कुंड्या दिसताच त्या हातातल्या ट्रेसकट जागीच थबकल्या.

"अगं बाई! मी तीन महिने लेकीच्या बाळंतपणाला काय गेले, तुम्हां एवढ्या शिकलेल्या माणसांपैकी एकालाही या पोरांना घोटभर पाणी पाजायचं सुचलं नाही?"