हरण्याचा खांदा

"मी म्हणलं का एका दमात ओढजा," चिंधू म्हणाला. हरण्याच्या पुढच्या डाव्या पायाला दोर बांधून झाला होता. दोराच्या दुसऱ्या टोकाला गावातले चार गडी, आणि बैलाच्या डोक्याशी त्याचा मालक बापूराव, दोन्ही शिंगं धरून.

सकाळी हरण्या नाल्याच्या काठावरून घसरून पुढच्या पायांवर आपटला. तेव्हापासून त्याच्या डाव्या खांद्याचं पसरट हाड पाठीच्याही वर आलं होतं. चिंधूनं खांदा उतरल्याचं जाहीर केलं. चिंधू गावचा हाडवैद्य. माणसाचं मनगट असो की म्हशीची मांडी, ओढलं की बसते, एवढंच त्याचं शास्त्र. पण बरेचदा बसायचंही, म्हणून गाव त्याला मानायचं.

"थांबा." जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टर नंदिनी गाडी तशीच टाकून धावत आली. बापूरावच्या बायकोनं, छायानं, तिला फोन केला होता. "ओढू नका. बसवाले तिथं सांधाच नाई."

"बिनसांध्याचा पाय? मॅडम, डिंकानं चिकटवला हाय का मंग?"

चिंधूच्या टोमण्यावर गडी हसले. नंदिनीच्या डोक्यात सणक गेली, पण भांडायला वेळ कुठं होता. तिनं बापूरावचा हात धरून शेजारच्या बादलच्या, हरण्याच्या धडधाकट जोडीदाराच्या, बगलेत घातला.

"वर जाऊ द्या काका. पाय अन् बरगड्यांच्या मधात. जोडणारं हाड सापडलं का सांगा."

बापूराव चाचपत राहिला. इकडं बरगड्या, तिकडं पायाचं हाड, आणि मधात नुसतं कोमट मांस.

"नाई लागून राह्यलं," तो म्हणाला.

"नसतेच. आपल्याले गळ्याशी हासळीचं हाड असते, बैलाले तेही नाई. त्याचं धड दोन पायांच्या मधात मांसाच्या झोळीत टांगलेलं असते. हरण्याची झोळी फाटली. धड खाली गेलं, म्हणून हाड वर दिसते. आता ओढलं त उरलेलं फाटन, बगलेतल्या शिरा तुटतीन. पाय कायमचा लुळा होईन."

"मंग इलाज?" बापूरावनं विचारलं.

"बांधून ठेवायचं. लय दिवस आराम."

"डवऱ्याले जुंपाले चालन का मंग?"

खोटं बोलली असती तर तिथंच मिटलं असतं. "नाई," नंदिनी म्हणाली. "फिरन, चरन. पण जू नाई ठेवायचं त्याच्यावर."

बापूरावचा चेहरा उतरला. जोडीतला एक गेला म्हणजे दुसराही अर्धा गेला. चिंधूनं नेमकं तेच हेरलं. "कामाचा नाईच राहत, त ओढून पाहाले काय जाते? बसला त सोनं."

गड्यांनी दोर ताणला. हरण्याच्या अंगावर काटा फुलला. नंदिनीजवळचं सगळं सांगून झालं होतं, आणि खरं बोलल्याचा तिला पश्चात्ताप व्हायला लागला होता. आता बापूरावनं नुसती मान हलवायचा अवकाश होता.

तेवढ्यात छाया घरातून हळद-लोण्याची वाटी आणि पळसाची पानं घेऊन आली. उद्या पोळा होता. आज संध्याकाळी बापूराव दरवर्षीप्रमाणे बैलांचे खांदे मळून त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन देणार होता. सूर्य अजून वर होता, पण ती थांबली नाही. ताणलेला दोर ओलांडून हरण्याजवळ गेली, वर आलेल्या हाडाला पानानं हलकेच हळद-लोणी लावलं, आणि त्याच्या कानाशी वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"अवो वयनी, आधी..." चिंधू म्हणाला.

"ओढा आता," छाया म्हणाली. "माह्या घरचं आवतन देऊन झालं. ज्याची हिंमत असन, त्यानं ओढा."

गडी चिंधूकडं पाहू लागले, चिंधू बापूरावकडं. बापूरावनं एक शिंग सोडलं आणि हरण्याच्या कपाळावर हात ठेवला.

"दोर सोड, चिंधू," तो म्हणाला. "उद्या जेवाले यायचं हाय त्याले."