अर्धा कोयता

ट्रॉलीत पत्रे चढले, भांडी चढली, एक शेळीही ओरडत चढली. सरस्वतीबाई मात्र चढली नाही. ती आपल्या उंबऱ्यावर बसून राहिली. महिलांच्या संस्थेत काम करणाऱ्या मंजुषाताईंनी स्कूटी लिंबाखाली लावली आणि ते दृश्य डोळे भरून पाहिलं. चकलांब्याकडच्या या वस्तीत दसरा झाला की बाया ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून हंगामाची आगाऊ उचल घेतलेली बाई मागे राहिल्याचं अजून कुणी ऐकलं नव्हतं.

ताईंनी त्यासाठी काय कमी चपला झिजवल्या होत्या? सरस्वतीबाईचं पोट दुखायचं, अंगावरून जायचं. तोडीवर एक दिवस पडून राहिलं की खाडा, आणि खाड्याचा दंड मजुरीपेक्षा मोठा. म्हणून जावा-भावजयांसारखी तीही पिशवी काढून टाकायला निघाली होती. वय छत्तीस. पिशवी गेली की पाळी गेली, पाळी गेली की खाडा गेला. हिशेब सरळ होता.

ताईंनी तो मोडला. बीडला नेऊन दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं. पिशवी धड आहे, गोळ्या घ्या आणि एक हंगाम विश्रांती घ्या, एवढंच डॉक्टर म्हणाले. सरस्वतीबाईला पटलं, पण तिची अडचण वेगळीच होती. तोडीत एकट्या माणसाला कुणी कोयता म्हणत नाही. एकानं ऊस तोडायचा, दुसऱ्यानं मोळी बांधायची, असा दोघांचा मिळून एक कोयता. नवरा वारल्यापासून तिचा कोयता मुलाबरोबर, लखनबरोबर होता. आई घरी बसली की लखन अर्धा.

मुकादमाशी मी बोलते, असं ताई तेव्हा ऐटीत म्हणाल्या होत्या.

सुग्रीव मुकादमाशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं, अशी त्याची ख्याती. ताई कायद्याची पुस्तिका घेऊन, दोन कार्यकर्ते बरोबर घेऊन भांडायच्या तयारीनं गेल्या. पुस्तिका उघडायची वेळच आली नाही. त्यानं चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं.

"बाईचा जीव मोठा, ताई. ऱ्हाऊ द्या तिला घरी. माझा कोयता पुरा झाला म्हंजी माझं काय म्हणणं न्हाई."

यातली पहिली दोन वाक्यं ताईंनी भेटेल त्याला सांगितली. तिसरं सांगण्याजोगं वाटलं नाही.

आज त्या फोटोसाठी आल्या होत्या. मागे भरलेली ट्रॉली, पुढे उंबऱ्यात निवांत बसलेली बाई. संस्थेच्या वार्षिक अंकाला याहून चांगलं मुखपृष्ठ कुठून मिळणार? त्या कोन शोधत असताना आतून एक पोरगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. बारा-तेरा वर्षांची असेल. अंगात कुणाचा तरी लांब बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. हात हळदीनं पिवळे. स्वयंपाक करत असेल. आजारी बाईच्या हाताखाली नात्यातलं कुणी आणून ठेवलंय, हे पाहून ताईंना बरं वाटलं. कितवीला आहेस, असं त्यांनी विचारलं. ती सातवी म्हणाली. शाळा बुडवू नकोस हो, असं ताईंनी बजावलं. पोरीनं सरस्वतीबाईकडे पाहिलं आणि मान हलवली.

फोटोत ती कडेनं येत होती. ताईंनी तिला जरा बाजूला व्हायला सांगितलं.

हॉर्न वाजला. लखनचा कोयता कुठं अडकला, म्हणून सुग्रीव ट्रॅक्टरवरून ओरडला. सरस्वतीबाई उठली. कुडात खोचलेला कोयता तिनं काढला. दसऱ्याचं कुंकू अजून पात्यावर होतं. तो तिनं पोरीच्या हाती दिला. शर्टाबाहेर आलेले काळे मणी बोटानं आत ढकलले, गालावरून हात फिरवला, कानशिलांवर बोटं मोडली. ट्रॉलीतून लखननं हात खाली केला. चाकावर पाय देऊन पोरगी वर चढली आणि शेळीला मांडीशी घेऊन बसली.

कुठं फोन लावायचा, ते ताईंना तोंडपाठ होतं. गावोगावच्या भिंतींवर चाइल्डलाइनचा तो नंबर त्यांनीच रंगवून घेतला होता. पण गुन्हा सांगायचा तर सुरुवात कुणापासून करायची, या विचारानं त्यांचं बोट जागीच थांबलं. धूळ उडवत ट्रॉली वळणावर गेली.

सरस्वतीबाईनं ताईंचे दोन्ही हात धरले. तिचे डोळे भरून आले होते.

"तुमचे उपकार फिटायचे न्हाईत, ताई. माझी पिशवी बी वाचली अन् कोयता बी ऱ्हायला. सून लई गुणाची हाय. अजून पाळी बी आली न्हाई तिला. यंदा एक खाडा पडायचा न्हाई."