‘ण’वरून काही नसतं

“‘क’वरून सांग, आई. सोपं तर आहे.”

आई खिडकीकडे बघत राहिली. मग मान वळवून तिनं अदबीनं विचारलं, “तुम्ही कोणाकडच्या?”

लेकीनं ताटं उचलली. आजही डाव अर्ध्यावर मोडला.

डाव शब्दांचा होता. “डोकं चालतं ठेवा, गंज चढू देऊ नका,” एवढंच डॉक्टर म्हणाले होते. खेळ मायलेकींनी शोधला. एकीच्या शब्दाचं शेवटचं अक्षर धरून दुसरीनं नवा शब्द सांगायचा. जी अडेल तिनं भांडी घासायची. आईचा जन्म छापखान्यात खिळे जुळवण्यात गेलेला. उलटी अक्षरं भराभर वाचणाऱ्या बाईला सुलटी काय अडवणार? यंत्रांच्या धडधडीत तिथल्या बाया नुसते ओठ हलवून एकमेकींची थट्टा करायच्या, मालकाला पत्ता लागायचा नाही. त्या धडधडीनं पुढं तिचे कान खाल्ले, पण डोकं लखलखीत राहिलं. खेळाचा कंटाळा आला की ती मुद्दाम ‘ण’वर संपणारा शब्द टाकायची. पैंजण. सरपण. रांजण. ‘ण’वरून पुढं काय सांगणार?

“हरलीस, ठमे! ऊठ, भांडी तुझी.”

लेक पन्नाशीला टेकली तरी आईची ठमीच होती.

ठमी नाटकांचे कपडे शिवायची. दुसऱ्यांची पोटं आत घ्यायची, खांदे वर काढायची, मिणमिणत्या दिव्याखाली टिकल्या टाकायची. असंच एकदा जेवणं उरकल्यावर दूरच्या शहरातून फोन आला. तिथल्या मोठ्या नाट्यगृहाला कपडेपट सांभाळायला माणूस हवं होतं. हाताखाली माणसं, स्वतःची खोली, मनासारखं काम. आईनं कानातलं यंत्र काढून बशीत ठेवलेलं होतं, म्हणून लेक स्वयंपाकघराच्या दारातच बोलली.

“याच कामाची वाट बघितली हो जन्मभर. पण नाही जमणार. आईला मी ओळखू येते तोवर तिला सोडून कुठं जायचं नाही, असं ठरवलंय मी.”

समोर आई शेंगा सोलत होती. तिच्या हातातून एक शेंग निसटून जमिनीवर पडली.

“कोण होतं गं?”

“रॉंग नंबर!” लेक मोठ्यानं ओरडली.

“मग एवढं काय बोलत होतीस? चुकलेल्या माणसाला घरापर्यंत पोचवलंस वाटतं,” आई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

त्यानंतर महिनाभरात आईचं बिनसू लागलं. आधी चष्मा तांदळाच्या डब्यात सापडला. मग ‘क’वर अडलं, ‘म’वर अडलं. शब्द असे जाऊ लागले, जशी अंगणातल्या झाडावरून पाखरं उठून जातात. हाक मारायला जावं तर फांदी नुसतीच हलत राहिलेली. आणि एका सकाळी वेणी घालून घेताना आई म्हणाली, “तुमचा हात हलका आहे हो, बाई.”

त्या दिवसापासून घरात ठमे म्हणून कोणी हाक मारली नाही.

लेक शिवत होती, रांधत होती, आईला न्हाऊमाखू घालत होती. रोज न चुकता डाव मांडत होती, दोन्ही बाजूंनी एकटीच खेळत होती. कधी कधी मशीनवरच डोकं टेकून झोपून जायची. एकदा अशीच जाग आली तर भांडी घासून पालथी घातलेली. थकव्यात आपणच घासली असतील, तिला वाटलं.

एकदा मात्र तिचा तोल सुटला. “अगं, मी आहे! मी! बघ ना माझ्याकडे!”

आईनं पदराचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलं. मग म्हणाली, “रागावू नका. माझी लेक आली की तुम्हाला सुट्टी.”

डॉक्टरांनी या वेळी लेकीचीच नाडी आधी बघितली. “आता तुम्ही आडव्या व्हाल. चांगली माणसं आहेत अशी एक जागा सांगतो, तिथं ठेवा त्यांना.”

लेक नाही म्हणाली. पण घरी आली तर आई कपड्यांचं गाठोडं बांधून दारात बसलेली. “परक्याच्या घरी किती दिवस राहायचं, बाई? लोक काय म्हणतील?”

त्या गाठोड्यापुढं लेक हरली. तिनं त्या दूरच्या शहराला फोन लावला. कपडेपटाची जागा अजून रिकामी होती.

डॉक्टरांनी सांगितलेल्या जागी आईची नवी खोली स्वच्छ होती. एक खाट, एक खुर्ची, एक टेबल, रस्त्याकडे उघडणारी खिडकी. लेकीनं चपला खाटेखाली नीट लावल्या, कानातल्या यंत्राची डबी उशाशी ठेवली आणि तिथल्या मावशींना तीनतीनदा सगळं समजावलं.

“अहो ताई, आम्ही आहोत ना. निघा तुम्ही, गाडी खोळंबलीय.”

लेक आईपुढं वाकली. “एक शेवटचा डाव, आई. तू सुरू कर. काहीही सांग.”

आईनं टेबलावरच्या पेल्यातल्या फुलाकडे बघितलं. “फूल,” ती म्हणाली.

“हां, फूल! आता ‘ल’...” पण तिला शब्द सुचेना. तोंड लपवून ती बाहेर पडली.

गाडी हलली तेव्हा आई खिडकीत उभी होती. यंत्र डबीतच होतं. बंद काचेआड लेकीनं वळून बघितलं, आणि तिचे ओठ हलले. ‘लांब.’

पुढं बसलेल्या ड्रायव्हरलासुद्धा ते ऐकू गेलं नाही.

गाडी वळणाआड गेली. मावशींनी मागून खांद्यावर हात ठेवला. “चला आजी, पडा जरा.”

आईनं खिडकीचा गज सोडला नाही.

“बोळवण,” ती रिकाम्या रस्त्याला म्हणाली. “हरलीस, ठमे.”