खेळायची परवानगी

"त्या बदकाला आधी चिरा," आई काचेच्या दारामागून म्हणाली.

आजोबांनी रबरी बदक उजेडात धरलं. जन्मभर कारखान्यात लोखंड कापलेला माणूस, पण एवढ्याशा बदकापुढे हात अडखळला. "वरून तर लख्ख आहे गं सूनबाई."

"पोटात बघा."

पोटात काळी बुरशी निघाली.

"वरून कीर्तन, आतून तमाशा," असं पुटपुटत आजोबांनी बदक कचऱ्यात टाकलं. पाच वर्षांच्या भिंगरीचा ओठ थरथरला. आईने काचेवर तळहात टेकवला, पण दार उघडलं नाही. तशी सक्त मनाई होती.

घरात सगळ्यांच्याच तोंडाला मास्क होते. बाबा मोरीत बसून ठोकळ्यांच्या खाचा जुन्या टूथब्रशने घासत होते. आधी साबणाचं गरम पाणी, मग जंतुनाशकाची बादली, मग साधं पाणी, मग गच्चीवरचं ऊन. कापडी हत्ती मशीनमध्ये गरगरत होता. आजोबा आता पाना घेऊन आगगाडीचे नट काढायला बसले.

फ्रिजवर डॉक्टरांचा कागद होता. शंभर चौकोन, त्यातल्या नव्व्याण्णवांवर फुल्या. शंभर भरले, रिपोर्ट चांगला आला आणि खेळणी तपासणीत पास झाली, की खेळायची परवानगी. एवढ्याचसाठी सगळ्या घराचा जीव टांगणीला लागला होता.

भिंगरीची शाळा बंद, मैत्रिणी बंद. सकाळी डोळे उघडायच्या आत काखेत थर्मामीटर. मागच्या महिन्यात पारा जरा वर सरकला, तर बाबांचं अवसानच गळालं होतं.

शेजारी नव्याने राहायला आलेल्या काकू दारातून डोकावल्या. "अहो, मुलं मातीत लोळूनच वाढतात. पोरीला इतकं जपाल, तर उद्या वारा लागला तरी आडवी होईल!"

सल्ला द्यायला कुणाचं काय जातं! बाबांनी ब्रश तेवढा जोरात चालवला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून सिस्टर आल्या. त्यांनी हात धुतले, हातमोजे चढवले आणि एकेक खेळणं उलटंपालटं केलं. ठोकळ्यांच्या खाचांत टॉर्च मारून पाहिला. हत्तीचं पोट दाबलं.

"आत ओल नाही ना राहिली?"

"काल दिवसभर उन्हात होता," आजोबा म्हणाले. "माझ्यापेक्षा जास्त रापलाय."

सिस्टर हसल्या नाहीत. "हिचा ताप?"

"सकाळीच बघितला. नाही," बाबा म्हणाले. "आणि... रिपोर्ट?"

सिस्टरांनी पिशवीतून पाकीट काढलं. आजोबा उगाचच पाना पुसत राहिले. काचेपलीकडे आई खुर्चीवर ताठ बसली होती. डोक्याला रुमाल, तोंडावर मास्क, नजर पाकिटावर.

"खेळणी पास," सिस्टर म्हणाल्या. मग मात्र त्यांना हसू आवरेना. "आणि रिपोर्ट उत्तम! डॉक्टर म्हणालेत, आता घरात मास्क नको आणि दारही बंद नको."

आजोबांनी पाना हवेत उडवला आणि वयाला न शोभणारी शिट्टी मारली. बाबा होते तिथेच खाली बसले आणि हसता हसता रडायला लागले. लढाई शंभर दिवसांची आणि हत्यार काय, तर जुना टूथब्रश! पण जिंकले होते. छाती फुगावी असंच जिंकले होते.

"जिंकलो, जिंकलो!" भिंगरीने नाव सार्थ करत तीन गिरक्या घेतल्या. मग सतरंजी अंथरली, हत्तीला मध्ये बसवलं आणि स्वच्छ, कोरड्या ठोकळ्यांचे दोन ढीग केले.

सिस्टरांनी काचेचं दार सरकवलं.

"या पेशंटबाई, बाहेर या," त्या म्हणाल्या. "लेकीने डाव मांडलाय."