दृष्टीचा कोहळा

रंजनीच्या अप्पांनी आयुधपूजेच्या सकाळी नव्या गाडीवरून कुंकू भरलेला कोहळा ओवाळून मैलापूरच्या घरासमोर भर रस्त्यात फोडला. रंजनी फोडी उचलायला वाकली, तर ते खेकसले, “दृष्टीच्या कोहळ्यास हात लावायचा नाही!” संध्याकाळी ती अप्पांकडून गाडी शिकत परतत होती. घरासमोर फोडलेल्या कोहळ्यावर पुढच्या मोटरसायकलवाल्यानं करकचून ब्रेक दाबला. चाक सटकलं, माणूस उडाला, डोकं डांबरावर आपटून फुटलं. रंजनीचा पाय ब्रेककडे गेला. “ब्रेक नको, घसरशील! गिअर कमी कर!” अप्पा ओरडले. तिनं तिसऱ्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून पहिला टाकला. इंजिन किंचाळलं, हलक्या ब्रेकनं गाडी त्याच्यापासून वीतभर अलीकडे थांबली. “बघ, दृष्ट टळली,” अप्पांनी हात जोडले. रंजनीनं मनगट धरून त्यांना बाहेर खेचलं आणि त्यांचा तळवा भळभळत्या जखमेवर दाबला. “आता हात काढायचा नाही, अप्पा.”