मालिनीच्या नावाचा पुरस्कार

मंडळाच्या चिटणीसाने नियमावली यशवंतरावांसमोर धरली. "काका, सही तुमचीच आहे. नेतृत्व पुरस्कार आणि शिष्यवृत्ती मंडळाच्या सभासदालाच."

"मग तेजलला करा की सभासद."

"मुलांच्या वसतिगृहाचं मंडळ आहे हे. मुलगी कशी चालेल?"

यशवंतरावांनी खालची आपली सही पाहिली. मालिनी दवाखान्यात असताना वसतिगृहातली अकरा पोरं रक्त द्यायला आली होती. ती गेल्यावर त्यांनी बायकोच्या नावाचा पुरस्कार याच मंडळाकडे सोपवला आणि कागद न वाचताच सही केली. पण वसतिगृहाच्या फाटकात उभं राहून, हाका मारून त्या पोरांना गोळा केलं होतं शेजारच्या तेजलने. पहिला पुरस्कार तिलाच, असं ते धरून चालले होते. तिला तसं सांगूनही बसले होते. तिची पुढच्या वर्षाची फी त्यातूनच भरायची होती.

सभागृहात नाव पुकारलं गेलं. एक उंच मुलगा मंचावर आला आणि यशवंतरावांच्या पाया पडला. पोरगा चांगला होता, रक्त देणाऱ्यांतलाच. त्याच्यावर रागवावं तरी कसं? टाळ्या थांबल्या, तरी चेक धरलेला त्यांचा हात पुढे होईना.

शेवटी पहिल्या रांगेतून तेजलच उठून मंचापाशी आली आणि हळूच म्हणाली, "काका, द्या ना त्याला. काकूंनी कुणाला असं ताटकळत ठेवलं असतं का?"